पाव मात्रा मागे: वायरलेस हेडफोन आणि घरचं रेकॉर्डिंग

आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आली होती. अमळनेरला आमच्या वरच्या खोलीत दुपारी तीन वाजता मी कूलर बंद केला, खिडक्यांना गोधड्या लावल्या आणि काकूंना माइकसमोर बसवलं. गौराईची गाणी काकूंना जेवढी पाठ आहेत तेवढी आमच्या गल्लीत आता कुणालाच नाहीत, आणि ती राहून जायला नकोत म्हणून हा सगळा खटाटोप होता. पेटीचा ट्रॅक आणि क्लिक, म्हणजे लय धरायला वाजणारी टकटक, मी आधीच करून ठेवले होते, लय ८०, म्हणजे मिनिटाला ८० मात्रा. घरात एकच चांगला हेडफोन, तोही ब्लूटूथचा. तो काकूंच्या कानावर चढवला. घामाने डोक्यावरून घसरत होता, तरी त्यांनी तीन गाणी न थांबता म्हटली. खोलीत बसून ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

रात्री स्पीकरवर लावलं तर प्रत्येक ओळ पेटीच्या मागे पडलेली. एखाद-दुसरी नव्हे, सगळ्याच, आणि सगळ्या सारख्याच मागे. काकू ऐकून म्हणाल्या, “मी काय इतली मांगे म्हनस का व?” त्या खरंच मागे म्हणत नव्हत्या. त्यांच्या कानात पेटीच उशिरा येत होती आणि त्या तिला धरून बरोबर म्हणत होत्या. खोलीत बसलेल्या मला पेटी ऐकूच येत नव्हती, त्यामुळे चूक लक्षात यायचा प्रश्नच नव्हता.

घरच्या कॉम्प्युटरवर गाणी करायला बसणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या महिन्यातच माहीत असायला हवं, म्हणून सविस्तर लिहिते.

आवाज सॉफ्टवेअरमधून निघाला की ब्लूटूथवर जाण्याआधी तो आकसला जातो, लहान लहान तुकड्यांत पाठवला जातो, आणि हेडफोन ते तुकडे थोडे साठवून मगच उलगडून वाजवतो. साठा यासाठी, की मध्ये एखादा तुकडा हरवला तरी गाणं तुटू नये. या सगळ्याला नेहमीच्या हेडफोनमध्ये साधारण १५० ते २५० मिलिसेकंद जातात. आकडा लहान वाटतो, पण हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंद म्हणजे जवळजवळ ७० मीटरचं अंतर. वरातीत बँड पुढच्या चौकात वाजतोय आणि तुम्ही इकडे गल्लीच्या तोंडाशी उभे राहून त्याच्याबरोबर संबळ धरताय, असं समजा. ८० च्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची असते, तिचा पाव भाग १८७. काकूंचा आवाज जवळपास तेवढाच मागे होता.

वायरच्या हेडफोनचं गणित याच्याशेजारी ठेवून बघा. ऑडिओ इंटरफेस म्हणजे माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारा छोटा डबा. त्यावर सेकंदाला ४८ हजार सॅम्पल (आवाजाचे नमुने), म्हणजे ४८ किलोहर्ट्झ, आणि १२८ सॅम्पलचा बफर, म्हणजे आवाजाचा तात्पुरता साठा, ठेवला तर त्या बफरचा उशीर २.७ मिलिसेकंद. येण्याजाण्याचा आणि ड्रायव्हरचा (उपकरण चालवणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमचा) मिळून दहाच्या आसपास गेला तरी हाताला कळत नाही. इथेच नवीन माणूस फसतो. उशीर दिसला की सेटिंगमध्ये जाऊन बफर २५६ वरून १२८, १२८ वरून ६४ करत बसतो. मीही दोन रात्री हेच केलं. बफर कमी केल्याने कॉम्प्युटरच्या आतले पाच-सात मिलिसेकंद वाचतात. ब्लूटूथचे दोनशे जसेच्या तसे राहतात. वर आवाज फुटायला लागतो तो वेगळाच.

मला नेहमी विचारतात, “ताई, यूट्यूबवर तर याच हेडफोनने ओठ आणि आवाज बरोबर जुळतात, मग इथे काय होतं?” तिथे चित्र आधीच तयार असतं, त्यामुळे प्लेअर तेच थोडं थांबवून आवाजाशी जुळवून घेतो. तुम्ही मिडी कीबोर्डची, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या पेटीसारख्या पट्ट्यांची, पट्टी दाबता तेव्हा थांबवायला काहीच नसतं. बोट आत्ता पडलं, तर स्वरही आत्ताच हवा.

आता दुसरी गोष्ट, जिच्यामुळे लोक चांगले हेडफोन खराब समजून परत करतात. बहुतेक वायरलेस हेडफोनला स्वतःचा छोटा माइक असतो. जुन्या विंडोजमध्ये तो हेडफोन बऱ्याचदा दोन नावांनी दिसतो, एक ‘स्टिरिओ’ आणि एक ‘हँड्स-फ्री’. तुमच्या सॉफ्टवेअरने इनपुट म्हणून त्या हेडफोनचा माइक उघडला, की नेहमीच्या ब्लूटूथमध्ये सगळं फोनकॉलच्या पद्धतीवर जातं. आवाज मोनो होतो, म्हणजे दोन्ही कानांत एकच, आणि सॅम्पल रेट ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर उतरतो. टाळांची किणकिण नाहीशी होते, पेटी पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी वाटते. हेडफोन बिघडलेला नसतो. इनपुटला दुसरा माइक निवडा किंवा ‘इनपुट नाही’ करा, साउंडच्या सेटिंगमध्ये हँड्स-फ्रीवालं उपकरण दिसत असेल तर ते बंद करा, आणि सॉफ्टवेअर एकदा बंद करून परत उघडा. आवाज परत येतो.

ड्रायव्हरचंही थोडं सांगते. संगीताची सॉफ्टवेअरं विंडोजवर शक्यतो एएसआयओ नावाच्या पद्धतीने साउंड कार्डाशी थेट बोलतात. ती स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये आणली. ब्लूटूथ हेडफोनबरोबर असा ड्रायव्हर येत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये इंटरफेसचा एएसआयओ निवडलेला असेल तर हेडफोन जोडलेला दिसतो, यूट्यूब वाजतं, पण तुमचं गाणं कानात येत नाही. एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये ‘एफएल स्टुडिओ एएसआयओ’ निवडलं तर आवाज विंडोजच्या नेहमीच्या आउटपुटवर जातो. रीपर या सॉफ्टवेअरमध्ये ‘वासापी’, म्हणजे विंडोजची स्वतःची आवाजाची पद्धत, घेऊन शेअर्ड मोड ठेवा. ऐकू यायला लागेल. उशीर मात्र तेवढाच राहील.

डेस्कटॉपची अडचण आणखी निराळी. बऱ्याच जुन्या डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ नसतंच, म्हणून आपण यूएसबीत खोचायचा छोटा ब्लूटूथ डोंगल आणतो आणि तो कॅबिनेटच्या मागे खोचतो. कॅबिनेट पत्र्याचं, ते बहुतेक टेबलाखाली, आणि डोंगलच्या शेजारी यूएसबी ३ ची हार्डडिस्क. यूएसबी ३ ची उपकरणं आणि केबल २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालतं, घरातलं साधं वायफायही त्याच पट्ट्यात. मग आवाज मध्येच तुटतो, आणि नेमका गाण्याच्या उठावाला तुटला की जीव जातो. मी एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन केबल लावून डोंगल टेबलावर, मॉनिटरशेजारी आणला. तेव्हापासून तुटणं जवळजवळ थांबलं. शिवाय हेडफोन एकाच वेळी मोबाइललाही जोडलेला असेल तर मोबाइलचं ब्लूटूथ बंद ठेवा. फोन आला की गाण्यावर पाणी.

आपल्या हेडफोनला नेमका किती उशीर होतो ते घरी मोजता येतं, आणि एकदा तरी मोजाच. रिकाम्या ट्रॅकवर फक्त क्लिक ठेवा. हेडफोनचा एक कान वायरच्या माइकला अगदी चिकटवून धरा, वरून रुमाल गुंडाळा. क्लिक वाजवत दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा. मग दोन्ही ट्रॅक मोठे करून मूळ क्लिकचा काटा आणि रेकॉर्ड झालेल्या क्लिकचा काटा यांच्यातलं अंतर मोजा. माझं २१० च्या आसपास आलं. त्यात माइककडचे थोडे आलेच. दोन क्लिक आधी सोडून द्या, कारण शांततेनंतर बरेच हेडफोन झोपेतून उठतात आणि पहिला ठोका गिळतात.

काकूंचा ट्रॅक मी तेवढाच पुढे ओढला आणि तो बराचसा जागेवर बसला. पण हा कायमचा उपाय समजू नका. हेडफोन बंद करून परत जोडला की आकडा थोडा हलतो, आणि सॉफ्टवेअर रेकॉर्डिंगचा जो उशीर आपोआप भरून काढतं त्यात ब्लूटूथचा हिशेब सहसा नसतोच.

म्हणून माझी कामाची वाटणी आता ठरलेली आहे. कुणी गाणार असेल, पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) किंवा ढोलकी वाजवणार असेल, मी स्वतः पट्ट्या वाजवणार असेन, तर वायर. माउसने नोटा मांडायच्या आहेत, तुकडे कापून जोडायचे आहेत, शब्द तपासायचे आहेत, तर वायरलेस खुशाल चालतो. प्ले दाबल्यावर गाणं पाव सेकंद उशिरा सुरू झालं म्हणून काही अडत नाही. मिक्स करताना मात्र त्याच्या बासवर विश्वास ठेवू नका. बाजारातल्या बऱ्याच वायरलेस हेडफोनमध्ये खालचा आवाज मुद्दाम फुगवलेला असतो. तुम्हाला तो भरपूर वाटतो, तुम्ही ढोल खाली घेता, आणि तेच गाणं लग्नात डीजेवर लावलं की ढोल पोकळ निघतो. बाहेरचा गोंगाट दाबणारं नॉइज कॅन्सलेशनही बंद ठेवा, त्यानेही काही हेडफोनचा सूर बदलतो.

खरेदीचं विचाराल तर पहिले पैसे कान पूर्ण झाकणाऱ्या, मागून बंद असलेल्या वायरच्या हेडफोनवर घाला. मागून उघडा घेतलात तर क्लिक गळून माइकमध्ये शिरते. दुसरे पैसे साध्या ऑडिओ इंटरफेसवर. वायरलेस आधीच घेतला असेल तर डबा परत उघडून बघा, मोठ्या हेडफोनबरोबर बऱ्याचदा ३.५ मिमीची वायर येते. ती लावली की ब्लूटूथचा टप्पाच गळतो. ती वायर शक्यतो कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या भोकात लावा; पुढच्या भोकात अनेकदा घरघर येते, आणि आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंग धड नसेल तर जास्तच. खेळांसाठीचे, स्वतःच्या २.४ गिगाहर्ट्झ डोंगलवर चालणारे हेडफोन ब्लूटूथपेक्षा खूप कमी उशीर करतात. नोटा वाजवून बघायला ते पुरतात; गाणाऱ्याच्या कानाला मी अजून ते दिलेले नाहीत.

एका कामासाठी मात्र मी वायरलेसच उचलते. गाणं पूर्ण झालं की तोच हेडफोन घालून गच्चीवर जाते, फेऱ्या मारत दोनदा ऐकते. ऐकणारे असंच ऐकणार आहेत, बसमध्ये, केळीच्या बागेत पाणी भरताना. शब्द तिथे कळला नाही तर खाली येऊन आवाज वर घेते.

यंदाच्या आखाजीला काकूंची तीच तीन गाणी परत घेतली. वायर आखूड पडत होती, म्हणून तीन मीटरची एक्स्टेंशन आणली आणि ती त्यांच्या पाटाखालून काढली. दुसऱ्या गाण्याला त्यांनी पेटीच्या सुरावर जी पहिली ओळ उचलली, ती स्क्रीनवर रेघेला रेघ लागून उभी होती. ती मी कुठेही ओढलेली नाही.