प्रबंधाचा विषय हजेरीपटात शोधा

माझ्याकडे सामाजिक संस्थेत क्षेत्रकार्याला, म्हणजे प्रत्यक्ष काम करून शिकायला, येणारे बहुतेक विद्यार्थी प्रबंधाचा विषय ठरवूनच येतात. तो आधी बाजूला ठेवा, असं मी सांगते. सुरुवातीला नुसतं काम करा. गृहभेटींना जा, हजेरी घ्या, मासिक अहवालाचे तक्ते भरा. कंटाळा येतो, मान्य! पण संस्थेला छळणारा प्रश्न तिथेच सापडतो. ‘शिक्षणातून सक्षमीकरण’ हा विषय कोणाची झोप उडवत नाही. ‘वर्गात नाव घातलेल्या मुली काही महिन्यांत का गळतात’ हा उडवतो, आणि त्याची निम्मी सामग्री जुन्या हजेरीपटांत पडून असते.

ही वाट नवी नाही. शिकागोतलं हल हाउस हे गरीब वस्तीतलं समाजकार्याचं केंद्र १८८९ साली सुरू झालं. तिथले कार्यकर्ते वस्तीतच राहत. त्यांच्यातल्याच फ्लोरेन्स केली यांच्या देखरेखीखाली घरोघर माहिती गोळा झाली, आणि १८९५ साली कुठल्या घरात कुठल्या देशातून आलेले लोक राहतात, त्यांची आठवड्याची कमाई किती, याचे रंगीत नकाशे छापले गेले. आजही कितीतरी प्रबंधांत इतकं नेमकं काही नसतं.

विषय ठरला की संस्थेशी लेखी बोला. कोणत्या नोंदी पाहता येतील, नावं कशी झाकायची, आणि निष्कर्ष गैरसोयीचा निघाला तर काय करायचं? हा शेवटचा मुद्दा सगळे टाळतात, म्हणून तोच आधी काढा.

संमतीचा भाग सर्वांत नाजूक. तुम्ही ज्या बाईला सकाळी अर्ज भरून देता, तिला दुपारी ‘मुलाखत देणार का’ विचारलंत तर ती नाही कशी म्हणेल? म्हणून संमती तिच्या सेवेशी संबंध नसलेल्या माणसाला घ्यायला सांगा. नकार दिला तरी मदत थांबणार नाही, हे तिच्या बोलीत, तोंडी सांगा. कागदावरची सही पुरेशी नसते.

वह्या दोन ठेवा. एकीत जे पाहिलं-ऐकलं ते, शक्यतो बोलणाऱ्याच्या शब्दांत. दुसरीत तुमचे तर्क, चिडचिड, शंका. दोन्ही त्याच संध्याकाळी लिहा. नाहीतर आठवडाभरात तुमचा तर्कच बोलणाऱ्याचं वाक्य होऊन बसतो.

पहिला मसुदा मार्गदर्शकांइतकाच कार्यकर्त्यांनाही वाचून दाखवा. गळतीवरच्या एका मसुद्यावर आमची कार्यकर्ती पटकन म्हणाली, “अहो, त्या गळत नाहीत. परीक्षेच्या दिवसांत तेवढ्या येत नाहीत, आणि आपण पटावरून नाव काढतो.” त्या विद्यार्थिनीला अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागलं, आणि प्रबंधातलं सगळ्यांत चांगलं प्रकरण तेच झालं. असे आक्षेप तळटीपेत ढकलू नका. पटले नाहीत तर तसं कारणांसह लिहा.

वेळापत्रकाचं म्हणाल, तर विद्यापीठाची जमा करण्याची तारीख आणि संस्थेची देणगीदाराला अहवाल द्यायची तारीख हमखास एकमेकींवर आदळतात. दोन्ही एकाच कागदावर मांडून मागे मोजत या. नैतिक समितीकडचा (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीकडचा) अर्ज विषय ठरताच टाका, उत्तराला वेळ लागतो. परवानगीआधी घेतलेल्या मुलाखती प्रबंधात सहसा चालत नाहीत. त्या काळातली वही तुमच्या शिकण्यापुरतीच.