जवळच्या पल्ल्याच्या मालवाहतुकीत भाडे कसे ठरवावे

दोन-तीनशे किलोमीटरच्या टापूत ट्रक चालवणाऱ्याने भाडे केवळ अंतरावर ठरवू नये, कारण या पल्ल्यात गाडी धावते त्यापेक्षा उभीच जास्त राहू शकते. समजा, १५० किलोमीटरवर माल पोचवून परत यायला ८ तास लागतात. भरायला आणि उतरवायला प्रत्येकी ३ तास गेले, तर फेरी १४ तासांची होते. तीच कामे तासा-तासात उरकली तर १० तासांत गाडी मोकळी होते, चालकाला पुरेशी झोप मिळते आणि दुसऱ्या दिवशी गाडी वेळेवर भरायला लागते.

म्हणून आधी खर्चाची फोड करावी. कर्जाचा हप्ता, विमा, कर, पगार आणि घसारा गाडी उभी असली तरी चालूच राहतात. त्यांची महिन्याची बेरीज, महिन्याच्या तीस दिवसांनी नव्हे, तर खरोखर काम मिळते तेवढ्याच दिवसांनी भागावी. डिझेल, टायर, ऑइल आणि दुरुस्ती किलोमीटरवर धरावी, आणि त्यात परतीचे रिकामे किलोमीटरही मोजावेत. दोन्ही मिळून येणाऱ्या आकड्याखाली नेहमीचे काम घेऊ नये.

परतीच्या मालाचा हिशेब वेगळा असतो. गाडी तशीही परत येणारच असल्याने कमी भाडेही परवडते. मात्र त्या मालासाठी थांबल्यामुळे उद्याची पूर्ण भाड्याची फेरी हुकणार असेल, तर रिकामे परतणेच शहाणपणाचे. दलाल ही बाजू क्वचितच सांगतो, आणि ते त्याचे कामही नाही.

खोळंब्याचे पैसे मागायचे तर पुरावा लागतो. पोचपावतीवर फक्त सही-शिक्का न घेता फाटकातून आत गेल्याची व बाहेर पडल्याची वेळ, तसेच फुटलेल्या खोक्यांची किंवा ओल्या पोत्यांची नोंद चालकाने तिथल्या तिथे करून घ्यावी. नंतर फोनवर कोणी काही कबूल करत नाही. किती तासांनंतर खोळंब्याचा आकार लागू होईल, हे दरपत्रकातच लिहिलेले असावे. त्यातच डिझेलचा आधारभूत दरही, म्हणजे ज्या दरावर भाडे ठरले तो दर, नोंदवावा: खर्चात डिझेलचा वाटा ४० टक्के असेल आणि डिझेल १० टक्क्यांनी महागले, तर एकूण खर्च ४ टक्क्यांनी वाढतो आणि तेवढी वाढ आपोआप मिळायला हवी.

टायरच्या बाबतीत जोडचाकांपैकी (एकाच बाजूला शेजारी-शेजारी बसवलेल्या दोन चाकांपैकी) आतल्या चाकाकडे विशेष लक्ष द्यावे. त्याची हवा कमी झाली तरी बाहेरून पटकन दिसत नाही आणि बराचसा भार शेजारच्या टायरवर जाऊन तो तापतो. हवा टायर थंड असताना, मापकानेच तपासावी.

उधारीवर मात्र सर्वांत कडक राहावे. डिझेल आणि पगार रोखीने जातात, बिल ६० दिवसांनी वटते. म्हणजे गाडी रोज भरून धावत असली तरी दोन महिन्यांचा चालू खर्च आपल्याच खिशातून अडकतो. नवीन गाडी घेण्याआधी हे भांडवल बाजूला काढावे आणि प्रत्येक गिऱ्हाइकाची थकबाकी किती रकमेवर गेल्यास पुढची गाडी लावायची नाही, ती मर्यादा आधीच ठरवून त्याला कळवावी.