भरसमुद्रात सॅटेलाइट फोनवरून ई-मेल आणि हवामानाचा अंदाज कसा मिळवावा

आधी एक हिशेब मांडू. इरिडियम या उपग्रह-सेवेच्या हातात धरायच्या फोनवरून डेटा सेकंदाला २.४ किलोबिट वेगाने जातो. सगळं सुरळीत चाललं तरी मिनिटाला १८ किलोबाइट. एक मेगाबाइटचा फोटो पाठवायचा तर जवळजवळ तास, आणि बिल चढतं मिनिटागणिक. हे नळाचं पाणी नव्हे, ठिबक सिंचन आहे. ते मान्य केलं की पुढचं सगळं सोपं होतं.

उदाहरणाला अटलांटिक घेऊ. ग्रान कनारियातल्या लास पाल्मासहून कॅरिबियनमधलं सेंट ल्युसिया साधारण २,७०० सागरी मैल. दर नोव्हेंबरात शिडाच्या बोटींचा मोठा ताफा या वाटेने निघतो, आणि परदेशात राहणारे हौशी लोक खलाशी म्हणून त्यात सामील होऊ शकतात.

बंदरातच करायची कामं

फोन केबिनमध्ये बसून चालत नाही, त्याला उघडं आकाश लागतं. इरिडियमचे ६६ उपग्रह सुमारे ७८० किलोमीटर उंचीवरून फिरतात. एकेक उपग्रह काही मिनिटांत डोक्यावरून निघून जातो आणि जोडणी पुढच्याकडे सोपवली जाते. मध्ये डोलकाठी किंवा शीड आलं की कॉल तुटतो. म्हणून बाहेरचा अँटेना घ्या आणि तो बोटीच्या मागच्या रेलिंगवर, जिथून चहूबाजूंचं क्षितिज दिसतं, तिथे बसवा. केबल लागेल तेवढीच ठेवा; लांब केबलमध्ये सिग्नल विरतो. जोडावर पाणी शिरणार नाही अशी टेप गुंडाळा. खारी हवा तांब्याला फार दिवस सोडत नाही.

मग सॉफ्टवेअर. नेहमीचं ई-मेल अॅप इथे निरुपयोगी. सेलमेल किंवा एक्सगेटसारखी सेवा घ्या. मजकूर दाबून लहान करणं हे तिचं काम आहेच, पण त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे जोडणी तुटली तर ती पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत नाही. मोठं पत्र आलं असेल तर ते न उतरवता आधी त्याचा आकार पाहता येईल अशी सोयही हवी.

लॅपटॉपवरचे सगळे आपोआप होणारे अपडेट, फोटोंचे बॅकअप, क्लाउड बंद करा आणि वर फायरवॉल लावा. सॅटेलाइटची जोडणी लागली की यातला प्रत्येक प्रोग्रॅम आनंदाने घरी फोन करायला धावतो, आणि तुमचं पत्र रांगेत मागे राहतं.

घरच्यांसाठी वेगळा पत्ता काढा आणि तो चार-पाच जणांनाच द्या. त्यांना बजावून सांगा: फोटो नाही, सहीखालचा लोगो नाही, उत्तर देताना जुनं पत्र खाली चिकटवायचं नाही. आपल्यासाठी आणखी एक अडचण आहे. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह साधारणपणे तीन बाइट खातं, रोमनचं एक. एसएमएसमध्येही रोमन लिपीत १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. आईला रोज रोमनमध्ये ‘sagla thik’ छापाचं काही पाठवणं जिवावर येत असेल, तर मराठीतच लिहा, पण दोन ओळी.

हवामान मागवणं

खरा उपयोग इथे आहे. सेलडॉक्स ही मोफत सेवा ई-मेलला उत्तर म्हणून वाऱ्याच्या अंदाजाची ग्रिब फाइल, म्हणजे नकाशावरच्या ठरावीक बिंदूंवरचे हवामानाचे आकडे, पाठवते. पत्रात फक्त एक ओळ लिहायची: अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलचं नाव, हव्या त्या चौकोनाच्या चार कडा अक्षांश-रेखांशांत, बिंदूंमधलं अंतर, किती तासांचे अंदाज हवेत आणि कोणत्या गोष्टी हव्यात. अचूक मांडणी त्यांच्या मदतपानावर आहे. ती निघण्याआधी उतरवून ठेवा आणि किनाऱ्यावरून एकदा मागवून पाहा.

समजा बोट २० अंश उत्तर, ३० अंश पश्चिम इथे आहे. १० ते २५ उत्तर आणि २५ ते ४५ पश्चिम एवढा चौकोन, एक अंशाचं अंतर, ७२ तासांपर्यंत दर बारा तासांनी फक्त वारा, असं मागितलं तर फाइल दहा किलोबाइटच्या आतबाहेर येते. तोच चौकोन पाव अंशाने मागितला की बिंदू ३३६ वरून ४,९४१ होतात आणि फाइल त्याच पटीत फुगते. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात एवढ्या बारकाईने तुमचा मार्ग बदलणार नाही. जीएफएस हे अमेरिकेचं हवामान मॉडेल दिवसातून चारदा चालतं आणि निकाल हाती यायला चार-पाच तास लागतात. हे धरून दिवसातल्या दोन ठरावीक वेळा मुक्रर करा.

हल्ली अनेक बोटींवर स्टारलिंक असतं, आणि ते चालू असताना हा सगळा खटाटोप कशाला, असं वाटतं. पण ते बोटीच्या विजेवर चालतं. हातातला फोन स्वतःच्या बॅटरीवर चालतो आणि जीवरक्षक तराफ्यात नेता येतो. तो ठेवायचा कुठे, हेही ठरवा. सप्टेंबर २०१८ मध्ये दक्षिण हिंदी महासागरात भारतीय दर्यावर्दी अभिलाष टॉमी यांची बोट उलटून डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला. राखीव सॅटेलाइट फोन आणीबाणीच्या पिशवीत होता, पण तिथवर ते पोहोचू शकत नव्हते. संपर्क राहिला तो मजकूर पाठवणाऱ्या छोट्या यंत्रावर. तेव्हा झोपायच्या जागेवरून हात पुरेल असं काहीतरी हवंच. ४०६ मेगाहर्ट्झचं संकटसूचक यंत्र वेगळं. फोन त्याची जागा घेत नाही.

भारतात येताना

२६/११ च्या हल्लेखोरांनी सॅटेलाइट फोन वापरले होते, आणि आपल्याकडचे नियम कडक आहेत. थुराया (अशीच दुसरी सॅटेलाइट फोन सेवा) आणि इरिडियमला बंदी आहे. इतर सॅटेलाइट फोनलाही दूरसंचार विभागाची परवानगी लागते. इरिडियमवर चालणारं गार्मिन इनरीच हे मजकूर पाठवायचं छोटं यंत्रही यातच मोडतं, आणि असं यंत्र सामानात सापडल्यामुळे विमानतळावर प्रवासी अडकल्याच्या बातम्या गोव्यातूनही आल्या आहेत. सफर संपवून विमानाने घरी येणार असाल तर फोन तिथेच विका किंवा बोटीवरच ठेवून या. बोटच भारतीय पाण्यात आणायची असेल तर एजंटमार्फत आधी लेखी विचारणा करा, आणि उत्तर हातात येईपर्यंत यंत्र बंद ठेवून पहिल्याच बंदरात कस्टम्सला दाखवा.