जर्मनी की जपान? पुण्यातून निघणाऱ्यांसाठी पहिल्या दोन वर्षांचा हिशोब

पुण्यात परकी भाषा शिकायचा विषय निघाला की बऱ्याच घरांत दोनच नावं येतात, जर्मन नाहीतर जपानी. तीन-चार वर्षांनी तोच प्रश्न मोठा होऊन समोर उभा राहतो: जायचं कुठे? पगाराचे आकडे सगळेच ताडून बघतात. पण तिथे पोचल्यावर माणसाची दमछाक होते ती दुसऱ्याच दोन गोष्टींनी. खिशातला पैसा नेमका कधी जातो, आणि सरकार, घरमालक, बँक यांचे निरोप आपल्यापर्यंत कुठल्या वाटेने येतात. दोन्ही देश शिस्तीचे आणि शांत, तेव्हा जगणंही सारखंच असेल असं वाटतं. तसं अजिबात नाही.

सुरुवात मात्र सारखी आहे. राहायला गेल्यापासून 14 दिवसांत पत्ता नोंदवायचा, हा नियम दोन्हीकडे आहे. जर्मनीत हे काम ब्युर्गरआम्ट म्हणजे नागरिक कार्यालयात होतं आणि त्याला आनमेल्डुंग म्हणतात. पासपोर्ट, भरलेला अर्ज आणि 'ही व्यक्ती अमुक तारखेपासून इथे राहते' असा घरमालकाच्या सहीचा दाखला सोबत लागतो. भाडेकरार दाखवून भागत नाही, दाखला वेगळा असतो. चावी घेतानाच तो मागून घ्या. बर्लिनसारख्या शहरात कार्यालयाची वेळ मिळायलाच आठवडे जातात, म्हणून घर नक्की झालं की त्याच दिवशी वेळ शोधायला लागा. रद्द झालेल्या वेळा बऱ्याचदा सकाळी लवकर संकेतस्थळावर दिसतात.

यापुढचा सगळा जर्मनी तुमच्या पत्रपेटीत येतो. करओळख क्रमांक, बँकेचं कार्ड, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, विमा कार्ड, सगळं टपालाने. आणि इथे नवख्यांचा हमखास घोटाळा होतो: जर्मन पत्त्यात बहुधा फ्लॅटचा नंबर नसतो. पोस्टमन पेटीवरचं आडनाव वाचतो. तुमचं नाव पेटीवर नसेल तर पाकीट 'पत्त्यावर आढळले नाही' म्हणून परत जातं, आणि तुम्हाला त्याचा पत्ताही लागत नाही. पहिल्या संध्याकाळी सामान उघडायच्या आधी पेटीवर आणि बेलवर पासपोर्टवरचं आडनाव चिकटवा. दुसऱ्याच्या घरात खोली घेतली असेल तर पत्त्यात आपल्या नावाखाली 'बाय' (bei, म्हणजे 'यांच्याकडे') लिहून मूळ भाडेकरूचं आडनाव घालायचं.

आलेलं प्रत्येक पत्र उघडायचं. त्यात फ्रिस्ट, म्हणजे उत्तराची मुदत असते आणि ती टळली की दंडाचं पत्र येतं. रेडिओ-टीव्हीचं शुल्क हे त्याचं ठरलेलं उदाहरण. घरात टीव्ही नसला तरी दर घरामागे महिन्याला 18.36 युरो द्यावे लागतात. पत्र जाहिरातीसारखं वाटून कचऱ्यात गेलं तरी रक्कम राहायला आल्याच्या महिन्यापासून चढत राहते. एका घरात तिघं राहत असतील तर शुल्क एकच. बाकीच्या दोघांनी 'अमुक क्रमांकाखाली भरलं जातंय' एवढं कळवायचं.

जपानमध्ये हेच काम खिडकीवर, माणसासमोर उरकतं. नारिता, हानेदा, कान्साईसारख्या मोठ्या विमानतळांवर झाइर्यू कार्ड म्हणजे वास्तव्यकार्ड हातात पडतं. ते घेऊन कुयाकुशो, म्हणजे वॉर्ड ऑफिसात जायचं, नंबर घ्यायचा, आणि पत्ता कार्डाच्या मागच्या बाजूला छापून मिळतो. त्याच फेरीत राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंद करा. वय 20 पूर्ण असेल तर पेन्शनचीही नोंद लागते, आणि विद्यार्थ्यांनी हप्ते पुढे ढकलायचा अर्ज तिथल्या तिथे मागावा. आपण मागितल्याशिवाय सवलत मिळत नाही. नोकरदारांचं विमा-पेन्शन कंपनी बघते.

जपानी खिडकीवर खरी गोची होते ती नावाची. आपल्या पासपोर्टात पुष्कळदा वडिलांचं किंवा नवऱ्याचं नावही मधे असतं. कार्डावर ते रोमन लिपीत जसंच्या तसं उतरतं, पण बँकेला ते काताकाना लिपीत हवं असतं, आणि 'कुलकर्णी'सारखं आडनाव काताकानात दोन-तीन तऱ्हांनी लिहिता येतं. बँकेत एक आणि कंपनीत दुसरं दिलं तर पगाराची रक्कम खात्यावर न जमता परत जाऊ शकते. पहिल्याच दिवशी एक लेखन ठरवा, कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून जवळ ठेवा आणि सगळीकडे तेच द्या.

आता घराचा पैसा. जर्मनीत जाहिरातीत काल्टमीटे, म्हणजे निव्वळ भाडं, आणि वार्ममीटे, म्हणजे पाणी, हीटिंग, जिन्याची सफाई वगैरे धरून भाडं, असे दोन आकडे असतात. वीज आणि इंटरनेट बहुतेक वेळा त्याही बाहेर. अनामत कायद्याने जास्तीत जास्त तीन काल्टमीटे घेता येते आणि ती तीन मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. हा हक्क नवख्यांना कुणी सांगत नाही. 800 युरो भाड्याला 2,400 अनामत, पण पहिल्या महिन्यात 800च दिले तरी चालतात. मात्र 'बिनफर्निचर' म्हणजे कित्येकदा ओटा, सिंक, शेगडीसुद्धा नाही आणि छतातून नुसत्या वायरी लोंबतायत. आधीच्या भाडेकरूचं स्वयंपाकघर विकत घेण्याची पद्धत आहे. भाव करायला लाजू नका.

जपानमध्ये पैसा दारातच मोजावा लागतो. 80,000 येन भाड्याच्या खोलीचा हिशोब साधारण असा लागतो: शिकिकिन, म्हणजे अनामत, एक महिना, रेइकिन, म्हणजे मालकाला दिलेली, कधीच परत न मिळणारी रक्कम, आणखी एक महिना, एजंटाचे करासह 88,000, जामीनदार कंपनीचे अर्ध्या ते एका महिन्याएवढे, आगविमा, कुलूप बदलणं, आणि पहिल्या महिन्याचं भाडं. चार लाख येनच्या आसपास रक्कम चावी मिळायच्या आधी जाते. टोकियोच्या बाजूला दर दोन वर्षांनी करार वाढवताना पुन्हा एक महिन्याचं भाडं मागतात. हे सगळं टाळायचं तर यूआर या निमसरकारी संस्थेची घरं बघा. रेइकिन नाही, एजंट नाही, जामीनदार नाही, नूतनीकरणाचे पैसे नाहीत. फक्त दोन महिन्यांची अनामत आणि ठरावीक उत्पन्नाची किंवा बचतीची अट. इमारती जुन्या असतात, पण कुटुंब घेऊन जाणाऱ्याने आधी इथेच चौकशी करावी असं आमचं ठाम मत आहे. कुठलंही घर घेताना इमारतीला परवानगी जून 1981 नंतरची आहे का, हे विचारायचं. भूकंपाचे नवे बांधकाम-नियम तेव्हापासून लागू झाले.

जर्मन घर हिवाळ्यात उबदार असतं, पण त्याचा हिशोब वर्षाने होतो. रेडिएटरच्या खुंटीवर 1 ते 5 आकडे असतात. 3 म्हणजे साधारण 20 अंश, 5 म्हणजे 28. थंडीतून आल्यावर खुंटी 5 वर फिरवली तर खोली लवकर तापत नाही, कारण तो आकडा वेग ठरवत नाही, कुठल्या तापमानाला थांबायचं तेवढं ठरवतो. रात्रभर तशीच राहिली तर वर्षअखेरीच्या हिशोबात काही शे युरो वर द्यावे लागतात. खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्याऐवजी दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं सताड उघडा. आपल्या स्वयंपाकाची वाफ बंद घरात कोंडली की कोपऱ्यात बुरशी धरते आणि तिचे पैसे अनामतीतून कापले जातात. आणि फ्लॅटचं दार मागे लागलं की बाहेरून चावीशिवाय उघडत नाही. कचरा टाकायला जातानाही चावी खिशात हवी.

जपानी घर थंडीत कुडकुडवतं. भिंती पातळ, आणि खोलीपुरता एसी हीच ऊब. वीज 100 व्होल्टची आहे, त्यामुळे पुण्याहून नेलेला 230 व्होल्टचा मिक्सर तिथे धड फिरत नाही. 750 वॅटच्या मिक्सरला पेलणारा ट्रान्सफॉर्मर जड असतो आणि महागही पडतो, तेव्हा मिक्सर तिथेच घ्या किंवा 110 व्होल्टचा न्या. जर्मनीत आपला मिक्सर चालतो, फक्त प्लग बदलायचा. गंमत म्हणजे जपानच्या पूर्वेला 50 आणि पश्चिमेला 60 हर्ट्झ अशी जी फूट आहे, तिची सुरुवात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी झाली: टोकियोने जर्मनीच्या एईजीकडून जनित्रं घेतली, ओसाकाने अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिककडून.

जपानमध्ये गॅसची शेगडी बहुधा स्वतः घ्यावी लागते. शहरी नळाचा गॅस आणि सिलिंडरचा एलपी यांच्या शेगड्या वेगळ्या. चुकीची जोडली तर आगीचा धोका असतो, म्हणून जुनी शेगडी घेताना तिच्यावरचं लेबल वाचाच. मोठा बर्नर डावीकडे की उजवीकडे हेही निवडायचं असतं. तो भिंतीपासून लांबच्या बाजूला हवा. मधला मासे भाजायचा कप्पा भरताच्या वांग्याला उत्तम. जर्मनीत बहुतेक ठिकाणी काचेची विजेची शेगडी, ज्योत नाहीच. तिथे वांगं ओव्हनमध्ये 220 अंशांवर चाळीसेक मिनिटं भाजतात, आणि फुलक्याला जाळी घरून न्यावी. जपानमध्ये भूकंपाचा मोठा धक्का बसला की गॅसचा मीटर आपोआप बंद होतो. बिघाड नसतो तो. गॅसची सगळी उपकरणं बंद करायची, वास येत नाही ना बघायचं, मीटरवरचं बटण दाबून सोडायचं आणि तीन मिनिटं थांबायचं. लुकलुकणारा दिवा विझला की गॅस पुन्हा सुरू.

शाकाहारी माणसाला जर्मनी सोपा. वेष्टनावर शाकाहारी-व्हेगन खुणा सर्रास दिसतात. जिलेटिन आणि चीजमधलं प्राणिज रेनेट एवढं बघितलं की झालं. जपानमध्ये मासा दिसत नसला तरी असतो: सुकवलेल्या कात्सुओ माशाचा अर्क, दाशी, हा डाळीसारख्या दिसणाऱ्या सूपपासून भाजीच्या रश्शापर्यंत सगळ्यात. 'मांस नको' म्हटलं तर मांसच वगळतात, मासा राहतो. 'दाशीही चालत नाही' हे वेगळं सांगायला शिका. उलट भाताची हौस जपानमध्ये भागते. तिथला आखूड, चिकट तांदूळ इंद्रायणीच्या जवळचा, गरम वरण-तुपाबरोबर झकास लागतो. जर्मनीत श्रीखंडाची चैन: वेष्टनावर 40 टक्के स्निग्धांश (कोरड्या भागात मोजलेला) लिहिलेला क्वार्क, म्हणजे मऊ ताजं चीज, कापडात तीन-चार तास टांगला की चक्का तयार. भेंडी-कोथिंबीर तुर्की दुकानात मिळते. जर्मनीला निघताना बॅगेत तूप, पेढे, खवा भरू नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सोबत आणायला बंदी आहे. जपानला ताजी फळं नेऊ नका.

कचरा दोन्हीकडे वेगळा करायचा, पण जपानमध्ये वाराप्रमाणे आणि त्याच सकाळी, बहुधा आठच्या आत. आदल्या रात्री ठेवलेली पिशवी कावळे फाडतात आणि शेजारी ओळखतात कुणाची ती. जर्मनीत काचेच्या बाटल्या रविवारी डब्यात टाकायच्या नाहीत, आवाज होतो म्हणून. रविवारी दुकानंही बंद, तेव्हा शनिवारी संध्याकाळपर्यंत बाजार उरका. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, यंत्रात टाकून परत घ्या.

आजारपणात जर्मनीत सरकारी विम्यावर डॉक्टरला पैसे द्यावे लागत नाहीत, पण वेळ मिळेपर्यंत थांबावं लागतं. रात्री-अपरात्री 116117 लावा. जपानमध्ये थेट दवाखान्यात जाता येतं, 30 टक्के आपण भरायचे. पोलिसांचा नंबर दोन्हीकडे 110. रुग्णवाहिकेला जर्मनीत 112, जपानमध्ये 119.

विद्यार्थ्यांच्या कमाईला मर्यादा आहेत. जर्मनीत वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस. जपानमध्ये परवाना घेऊन आठवड्याला 28 तास, दोन नोकऱ्या असल्या तर दोन्ही धरून. ओलांडलेले तास व्हिसा वाढवताना करनोंदीतून दिसतात.

नोकरदारांना जपान एक धक्का दुसऱ्या वर्षी देतो. जुउमिनझेइ, म्हणजे रहिवासी कर, साधारण दहा टक्के, आणि तो आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर जूनपासून कापला जातो. एप्रिलमध्ये रुजू झालात तर पहिलं वर्षभर कपात नाही. पुढच्या जूनपासून आधीच्या नऊ महिन्यांवर, आणि त्यापुढच्या जूनपासून पूर्ण वर्षावर. हातात पडणारा पगार जूनमध्ये का घटला हे विचारणारे दरवर्षी असतात. पहिल्या वर्षीच्या पगारावर घराचं भाडं ठरवू नका.

भाषेबद्दल एक गोष्ट मराठी माणसाने लक्षात घ्यावी. जर्मनला तीन लिंगं आहेत, जशी आपल्याला तो-ती-ते. हिंदीभाषकाला नपुंसकलिंग नव्याने समजून घ्यावं लागतं, आपल्याला नाही. फक्त नामाचं लिंग जुळेल ही आशा सोडायची. जपानीची वाक्यरचना तर आपल्या घरचीच: 'पुण्यात राहतो' आणि 'पुने नि सुन्दे इमासु' यांत शब्दांचा क्रम एकच, 'नि' आपल्या 'त' सारखा नामाला मागून लागतो. बोलणं म्हणूनच लवकर येतं. कांजी लिपी मात्र वर्षं खाते आणि वॉर्ड ऑफिसचे कागद तिच्यातच असतात.

सोडून यायची वेळ आली तर जर्मनीत घराला तीन महिन्यांची नोटीस लागते, लेखी आणि हाताच्या सहीने. ईमेल धरत नाहीत. नोटीस महिन्याच्या तिसऱ्या कामाच्या दिवसापर्यंत पोचली तरच तो महिना मोजला जातो. त्यानंतर पत्त्याची नोंद काढून टाकायची, म्हणजे रेडिओचं शुल्क थांबवायला कागद मिळतो. जपानमध्ये 1 जानेवारीची तारीख जपा. त्या दिवशी तुम्ही तिथले रहिवासी असाल तर सरलेल्या वर्षाचा रहिवासी कर भरावाच लागतो, मग विमान 5 जानेवारीचं का असेना. डिसेंबरअखेर निघणं शक्य असेल तर तिकीट तसं काढा. नसेल तर जूनमध्ये येणारं बिल भरायला तिथे एक करप्रतिनिधी नेमून, वॉर्ड ऑफिसात त्याचं नाव देऊन मगच निघा.