व्हिसावर असलात तरी यूकेत मत देता येतं, कसं ते सांगते

मे २०२५ मध्ये सरकारने व्हाइट पेपर (म्हणजे धोरणाचा प्रस्ताव) काढला की सेटलमेंटसाठी, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवानगीसाठी, ५ ऐवजी १० वर्षं थांबायला लावायचं, त्या दिवशी आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्री दीडपर्यंत मेसेज चालू होते. सगळे वैतागलेले. मी विचारलं मत कुणाला दिलं होतंत, तर अर्ध्या लोकांचं उत्तर, अगं आपण कुठे सिटिझन आहोत! हसू नका, मी स्वतः इथे आल्यावर पहिली चार वर्षं हेच समजत होते.

तर आधी ते डोक्यातून काढा. भारत कॉमनवेल्थमध्ये (राष्ट्रकुलात) आहे, आणि कॉमनवेल्थच्या नागरिकाकडे इथे राहायचा व्हिसा असेल तर कौन्सिलपासून (म्हणजे इथली पालिका) पार्लमेंटपर्यंत सगळ्या निवडणुकांत मत देता येतं. स्किल्ड वर्कर, स्टुडंट, डिपेंडंट, सगळे आले. फक्त इथे राहत असायला हवं, म्हणजे सहा आठवड्यांसाठी नातवंडांना भेटायला आलेल्या सासूबाई नाहीत. गंमत म्हणजे माझी फ्रेंच शेजारीण वीस वर्षं इथे आहे, पण ब्रिटिश पासपोर्ट घेतला नाही म्हणून तिला खासदार निवडता येत नाही आणि मला येतो. हे साम्राज्याचं उरलंसुरलं खरकटं आहे हे मान्य, पण हक्क आहे तर वापरा ना. आणि मत दिल्याने तुमच्या भारतीय पासपोर्टला काहीही होत नाही.

रजिस्टर करायला गव्ह डॉट यूके वर जा आणि 'रजिस्टर टू व्होट' शोधा, नॅशनल इन्शुरन्स नंबर (कर-विम्याचा सरकारी नंबर) हाताशी ठेवा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे. मतदानाच्या आधी १२ कामाचे दिवस ही शेवटची तारीख, पण तोपर्यंत थांबू नका कारण नंबर जुळला नाही तर कौन्सिल कागद मागते आणि मग पत्रापत्री सुरू, माझ्या बाबतीत त्यात तीन आठवडे गेले. घर बदललं की परत रजिस्टर करायचं, ते आपोआप होत नाही. फॉर्ममध्ये एक ओपन रजिस्टर म्हणून प्रश्न येतो, तिथे नाही म्हणा. ती यादी कुणालाही विकत मिळते आणि नाही म्हटल्याने तुमच्या मताला धक्का लागत नाही. मतदार यादीची एक प्रत सरकारनेच विकायला ठेवायची हे मला आजही पटलेलं नाही, पण असो.

आता नाव. हा आपल्या बायकांचा खास प्रॉब्लेम, पासपोर्टवर माहेरचं नाव, कामावर सासरचं आणि मधलं नाव कधी वडलांचं कधी नवऱ्याचं. जे नाव फोटो आयडीवर आहे त्याच नावाने रजिस्टर करा. स्पेलिंगचा बारीकसारीक फरक चालवून घेतात, पण आडनावच वेगळं असेल तर लग्नाचं सर्टिफिकेट बरोबर न्या.

फोटो आयडीची सक्ती २०२२ च्या इलेक्शन्स ॲक्टने आली आणि इंग्लंडमध्ये मे २०२३ च्या स्थानिक निवडणुकांपासून लागू झाली (स्कॉटलंड-वेल्सच्या स्वतःच्या निवडणुकांना लागत नाही). भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी, फक्त फोटोत तुम्ही ओळखू यायला हवं. आधार नाही, भारतीय लायसन्स नाही, फोनवरचा ईव्हिसा नाही, कशाचाही फोटो नाही, ओरिजिनलच लागतं. पासपोर्ट रिन्युअलला गेला असेल आणि यूकेचं लायसन्स नसेल तर व्होटर ऑथॉरिटी सर्टिफिकेट, म्हणजे मतदानासाठीचं फोटो ओळखपत्र, फुकट मिळतं, अर्ज मतदानाच्या ६ कामाच्या दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत.

आपल्याला आयडी दाखवायची सवय आहे त्यामुळे यात काय एवढं असं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण आपल्याकडे निवडणूक आयोग स्वतः कार्ड देतो आणि मग मागतो, इथे आधी मागायला लागले. त्यात ६० वर्षांवरच्यांचं ऑयस्टर कार्ड (लंडनच्या बस-ट्यूबचं) चालतं आणि विद्यार्थ्यांचं नाही! यात कुणाची सोय बघितली ते कळतंच. २०२५ मध्ये सरकारने बँक कार्डही चालवू असं जाहीर केलंय, तरी तुम्ही आपला पासपोर्टच न्या.

मे महिन्यात लोक सुट्टीला भारतात जातात आणि कौन्सिलच्या निवडणुका बरोब्बर तेव्हाच. पोस्टल व्होट पुण्याला जाऊन परत वेळेत येईल या भरवशावर राहू नका, प्रॉक्सी करा, म्हणजे तुमच्या वतीने दुसरा मतदार मत देतो. त्याचा अर्जही ६ कामाचे दिवस आधी. त्याने स्वतःचा आयडी न्यायचा, तुमचा नाही. कौन्सिल कशाला म्हणाल तर कचरा, खड्डे, काउन्सिल टॅक्स, घरामागे एक्स्टेन्शनची परवानगी, रोज डोकं खाणारं सगळं तिथेच ठरतं.

मतदान बहुतेक गुरुवारी असतं, सकाळी ७ ते रात्री १०, त्यामुळे ऑफिस हे कारण चालणार नाही. ईव्हीएम नाही, कागद आणि दोरीला बांधलेली पेन्सिल, नावासमोर फुली मारायची. 'नोटा' म्हणजे 'यापैकी कुणी नाही' हा पर्याय नाही. शाई नाही, म्हणजे बोटाचा फोटो विसरा.

एका मताने काय होतं म्हणणाऱ्यांना मी दादाभाई नौरोजींचं सांगते, १८९२ मध्ये लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून पाच मतांनी खासदार म्हणून निवडून आले. बाकी ही पद्धत न्याय्य आहे असं मी म्हणत नाही, २०२४ मध्ये लेबर पक्षाला मतं ३४ टक्क्यांच्या आसपास आणि ६५० पैकी ४११ जागा.

शेवटचं, खासदाराला पत्र लिहायला तर मतही लागत नाही, त्यांच्या भागात राहता एवढं पुरे. ईमेलमध्ये पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड टाका, नाहीतर तुम्ही त्यांच्या मतदारसंघातले आहात की नाही हे कळत नाही आणि ईमेल बाजूला पडतो. ग्रुपवर फिरणारा तयार मजकूर चिकटवू नका, स्वतःचं चार ओळीत लिहा, कधी आलात, काय काम करता, मुलं कुठल्या शाळेत, सेटलमेंटचा नियम बदलला तर तुमचं नेमकं काय अडेल. होम ऑफिसमध्ये (व्हिसा बघणारं गृहखातं) अर्ज अडकला असेल तर रेफरन्स नंबरही द्या, खासदाराचं ऑफिस तुमच्या वतीने विचारणा करू शकतं.