पॉडकास्ट ऐकून रिॲक्टिव्ह कुत्र्याला शिकवताय? या चुका टाळा

दुसरा कुत्रा, दुचाकी किंवा अनोळखी माणूस दिसताच भुंकत दोरीला हिसके देणारा, म्हणजेच ‘रिॲक्टिव्ह’ कुत्रा बहुतेक वेळा मुळातला मारका नसतो. तो घाबरलेला असतो, किंवा समोरच्यापर्यंत जाऊ दिले जात नाही म्हणून चिडलेला असतो. अशा कुत्र्याचा अनुभव असलेला प्रशिक्षक खानदेशातल्या प्रत्येक गावात मिळेलच असे नाही, त्यामुळे पॉडकास्टचा आधार घेणे शहाणपणाचेच आहे. सॅरा स्ट्रेमिंग यांचा ‘कॉग-डॉग रेडिओ’ किंवा मायकल शिकाशिओ यांचा ‘द बाइटी एंड ऑफ द डॉग’ यांसारखे इंग्रजी कार्यक्रम कुत्र्याच्या वागण्यामागची कारणे उत्तम समजावतात. अडचण येते ती ऐकलेले जसेच्या तसे आपल्या गल्लीत उतरवताना.

फिरवताना कानात इअरफोन

कुत्र्याला फिरवायला नेताना त्याच्याच प्रशिक्षणाचा भाग ऐकत जाणे ही सर्वांत सहज घडणारी चूक आहे. मागून येणारी मोटारसायकल किंवा पुढच्या वळणावरचे भुंकणे त्यात ऐकू येत नाही, आणि नजरही कुत्र्यावर राहत नाही. भुंकण्याआधी कुत्रा बरेच काही सांगत असतो: धापा टाकणारे तोंड एकाएकी मिटते, कान पुढे येतात, अंगाचा भार पुढच्या पायांवर जातो, शेपूट ताठ होते आणि क्षणभर तो जागीच खिळतो. वळून दूर जाण्याची संधी या क्षणापर्यंतच असते; त्यानंतर कितीही हाका मारल्या तरी त्या त्याच्यापर्यंत पोहोचत नाहीत. पॉडकास्ट घरकाम करताना ऐकावा, किंवा जळगाव-भुसावळ अपडाउन करताना ऐकावा.

परदेशी रस्ता गृहीत धरणे

‘अंतर वाढवा’ हा सल्ला योग्यच आहे, पण तो देणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुंपणाची अंगणे आणि दोरीला बांधलेले कुत्रे असतात. आपल्याकडे गल्लीतली कुत्री मोकळी असतात आणि ती तिथेच राहणार असतात, कारण २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना सामान्यतः मूळ जागीच सोडायचे असते. या गोष्टीचा त्रागा करण्यापेक्षा उपयोग करून घ्यावा. कोणती टोळी कोणत्या टपरीपाशी, किती वाजता बसते हे काही दिवस कुत्र्याला न नेता एकट्याने पाहून घ्यावे आणि त्याप्रमाणे वाट व वेळ ठरवावी. जळगावात मेहरूण तलावाकाठची सकाळची वर्दळ नवशिक्या कुत्र्याला झेपणार नाही; त्यापेक्षा सुटीच्या दिवशीचा एमआयडीसीतला रिकामा रस्ता किंवा ओळखीच्या शेताचा बांध बरा. अरुंद गल्लीत अंतर मिळत नसेल, तर उभ्या केलेल्या गाडीचा आडोसा घ्यावा. मोकळा कुत्रा अंगावर येऊ लागला, तर पळू नये आणि दगडही उचलू नये. मूठभर खाऊ त्याच्या पुढ्यात भिरकावून आपल्या कुत्र्याला घेऊन वळावे.

खाऊ आधी, कुत्रा नंतर

ही चूक ऐकून कळत नाही, कारण पॉडकास्टमध्ये हात दिसत नाहीत. समोरून कुत्रा येताना पाहून मालक घाईघाईने खिशात हात घालतो, पिशवी खुळखुळते, खाऊ तोंडाशी येतो आणि मग आपल्या कुत्र्याला तो दुसरा कुत्रा दिसतो. असे वारंवार झाले की पिशवीचा आवाज हीच संकटाची वर्दी ठरते आणि खाऊ पाहून कुत्रा इकडेतिकडे शोधू लागतो. क्रम उलटा हवा: आधी त्याला समोरचा कुत्रा दिसू द्यावा, आपला कुत्रा शांत असतानाच एकच ठरलेला शब्द उच्चारावा, मगच खाऊ द्यावा, आणि समोरचा नजरेआड झाला की खाऊही थांबवावा. आपला क्रम बरोबर आहे का, हे तपासण्याचा सोपा उपाय म्हणजे घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर चित्रण करायला सांगून ते संथ गतीने पाहणे.

कुत्रा खाऊ तोंडात घेतच नसेल, तर तो हट्टी आहे असे समजू नये. बहुतेकदा आपण फार जवळ गेलेलो असतो. मागे सरकावे आणि पुन्हा पाहावे. अर्थात कोरड्या पोळीच्या तुकड्यासाठी एवढे धैर्य कोणी दाखवणार नाही, हेही खरे. उकडलेले चिकन, अंडे किंवा पनीर यांचे बोराएवढे तुकडे चालतात. घरी भरीत झाले आहे म्हणून त्यातला घास मात्र देऊ नये. कांद्याची पात आणि लसूण कुत्र्याला विषारी ठरतात.

ऋतू आणि सण विसरणे

स्ट्रेमिंग व्यायाम, आहार, मनाला खाद्य आणि संवाद अशा चार गोष्टींवर भर देतात. त्यातला व्यायाम म्हणजे रोजची लांब फेरी, असा अर्थ लावून मे महिन्यात, भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत गेलेला असताना, संध्याकाळी डांबरी रस्त्यावर कुत्र्याला ओढत नेणे क्रूरपणाचे आहे. रस्त्यावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल, तर पंजेही भाजणार. अशा दिवसांत पहाटे छोटी फेरी मारावी, आणि दुपारी जुन्या गोणपाटाच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवून ते हुंगून शोधायला द्यावेत.

श्रावणातली कानबाईची मिरवणूक, गणपतीचे ढोल, दिवाळीचे फटाके यांचा ताण त्या रात्रीपुरता नसतो. तो साचत जातो आणि दुसऱ्या दिवशी कुत्रा एरवी दुर्लक्ष करत असलेल्या सायकलवरही धावून जातो. त्याला पूर्ण थंडावेपर्यंत एक-दोन दिवस तरी लागू शकतात. तेवढे दिवस धडे बंद ठेवावेत.

दहा कार्यक्रम, दहा पद्धती

एका भागात बक्षीस, दुसऱ्यात शिक्षा म्हणून झटका, तिसऱ्यात आणखी काही ऐकून सगळे एकाच आठवड्यात आजमावू नये. एक भाग ऐकून एकच बदल करावा आणि तो काही आठवडे टिकवावा. चोक चेन (ओढताच गळा आवळणारी साखळी) किंवा गुरगुरल्याबद्दल मार सुचवणारा कार्यक्रम मी तरी सरळ बंद करावा असे म्हणेन: गुरगुरणे थांबते, भीती राहते आणि पुढच्या वेळी सूचना न देता चावा बसतो. घरातल्यांचेही एकमत हवे. मुलगा ‘कम’ म्हणतो, वडील ‘इकडे’ म्हणतात आणि आजी ‘आठे ये’ म्हणतात. यांपैकी कोणताही शब्द चालेल, पण तो सर्वांनी एकच वापरावा.

पॉडकास्टकडून तपासणीची अपेक्षा

आजवर शांत असलेला कुत्रा अचानक चिडका झाला, स्पर्श सहन करेना किंवा जिना चढायला नको म्हणू लागला, तर आधी पशुवैद्यकाकडे न्यावे. कानातला संसर्ग, सांध्यांचे दुखणे, गोचिडांमुळे आलेला ताप यांवर कोणताही भाग ऐकून उपाय सापडत नाही. चावण्याची शक्यता असेल, तर जाळीचे मुसके वापरावे. मात्र ते घाईने बांधू नये, आतून खाऊ देत काही आठवड्यांत त्याची सवय लावावी. रेबीजची लस वेळच्या वेळी द्यावी. कोणाला चावा बसलाच, तर कुत्र्याचे लसीकरण झालेले असले तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.