कामांची नोंद ठेवायला लांब वहीच बरी पडली

आमच्या हिशेबाच्या ऑफिसात कामं व्हॉट्सॲपवर येतात, फोनवर येतात, शिवाय साहेब जाता जाता सांगतात ती वेगळीच. ॲप वापरून पाहिलं, पण नोंदवण्यातच वेळ जायचा. शेवटी लांब वही घेतली. डावीकडे काम, मध्ये ‘कुणाकडे अडकलंय’, उजवीकडे तारीख. मधला रकाना सगळ्यात उपयोगी! ‘बँक स्टेटमेंट, पार्टीकडून यायचंय’ असं लिहिलेलं असलं की सकाळी पहिला फोन कुणाला लावायचा ते कळतं.

ठरलेल्या तारखा पहिल्याच पानावर लाल पेनाने: टीडीएसचा (पैसे देतानाच कापून घेतलेल्या कराचा) भरणा पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत (मार्चचा मात्र 30 एप्रिल), दर महिन्याला जीएसटीचं विवरण भरणाऱ्यांचं जीएसटीआर-1 (विक्रीचं विवरण) 11 पर्यंत, जीएसटीआर-3बी (महिन्याचा गोषवारा, कर भरण्यासाठी) 20 पर्यंत. उरलेली कामं संध्याकाळी उद्याच्या पानावर हाताने उतरवते. तेच काम तिसऱ्यांदा उतरवायची वेळ आली, की वही घेऊन थेट साहेबांकडे जाते.